शंभर वॅट कशाला? घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला किती ताकद हवी ते मोजून ठरवा

कॉलेजात असताना मी एक अ‍ॅम्प्लिफायर स्वतः जोडला होता. पुण्यातल्या तापकीर गल्लीतून आणलेला ट्रान्सफॉर्मर, एसटीके चिपचा तयार बोर्ड आणि पत्र्याचा डबा. फार तर १५-१५ वॅट निघत असतील. चुलतभावाच्या साखरपुड्याला तोच हॉलमध्ये लावला. बेसची खुंटी पार उजवीकडे, व्हॉल्यूमचीही तीच गत. पाऊण तासाने गाण्यातले टाळ, झांजा, गायिकेचे 'स' आणि 'श' सगळं गायब झालं. उरला तो गोधडीखालून आल्यासारखा आवाज.

दुसऱ्या दिवशी स्पीकर घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक सूर काढणारा छोटा स्पीकर, काढला, मीटर लावला, कॉइल तुटलेली.

"अ‍ॅम्प जास्त मोठा झाला का, काका?"

"नाही रे बाळा. लहान पडला."

तेव्हा वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मागे ६० वॅट लिहिलेला स्पीकर १५ वॅटने जळेल कसा? पण काका बरोबर होते, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या ताकदीचा आवाजाच्या दर्जाशी काय संबंध आहे ते त्या एका वाक्यात सगळं होतं. वॅट आवाज गोड करत नाहीत. अ‍ॅम्प आपल्या आवाक्यात असेपर्यंत २० वॅटचा आणि २०० वॅटचा, दोन्ही नीट बनवलेले असतील तर, ऐकून ओळखणं फार अवघड आहे. आवाक्याबाहेर गेला की मात्र लगेच कळतं. तेव्हा दुकानात जाण्याआधी आपल्या खोलीत, आपल्या स्पीकरवर, आपल्याला हव्या तेवढ्या आवाजाला किती वॅट लागतात हे काढायचं. त्यासाठी एक मल्टिमीटर आणि एक मोकळी संध्याकाळ पुरते.

आवाज फाटतो म्हणजे नक्की काय होतं

अ‍ॅम्पच्या आत पॉवर सप्लाय असतो आणि त्याचं व्होल्टेज ठरलेलं असतं. समजा वर २० आणि खाली २० व्होल्ट. आवाजाची लहर २५ व्होल्टपर्यंत जाऊ पाहते, पण छतच २० वर आहे. मग लहरीचा माथा तिथेच कापला जातो, सुळक्याचं पठार होतं. यालाच क्लिपिंग म्हणतात.

कापलेल्या माथ्यातून मूळ गाण्यात नसलेले वरच्या पट्टीचे सूर तयार होतात. आवाज खरखरीत, कर्कश लागतो तो त्यामुळे. दुसरी गोष्ट जास्त घातक. गाण्यात सगळ्यात मोठ्या लहरी बेसच्या असतात, त्या आधी छताला टेकतात. तरीही आपण खुंटी फिरवत राहिलो तर बेस वाढत नाही, पण ट्रेबल वाढतच राहतो, कारण त्याला वर जागा असते. म्हणजे वूफर, खालचे सूर काढणारा मोठा स्पीकर, जिथल्या तिथे आणि ट्वीटरवर मारा वाढलेला. स्पीकरवर लिहिलेले ६० वॅट हे पूर्ण डब्याचे, तेही साध्या संगीताचे. त्यातला ट्वीटरचा वाटा थोडकाच असतो, आणि त्याची कॉइल केसाएवढ्या तारेची.

मोठा अ‍ॅम्प स्पीकर जाळू शकत नाही, असा याचा अर्थ नाही. जाळतो, आणि सहज जाळतो. पण तेव्हा आवाज इतका प्रचंड असतो की माणूस आधी खुंटी मागे घेतो. लहान अ‍ॅम्प मात्र 'अजून थोडं वाढव' असं म्हणायला लावतो.

आधी डेसिबलचा हिशेब

हा भाग टाळून पुढे गेलात तर बाकीचं सगळं हवेत राहील. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटने ३ डेसिबल वाढतात. दहापट वॅटने १० डेसिबल वाढतात, आणि साधारण तेव्हा कुठे कानाला 'दुप्पट' वाटतं. १ वॅटपासून मोजलं तर असं:

- २ वॅट: ३ डेसिबल जास्त
- ४ वॅट: ६
- १० वॅट: १०
- २० वॅट: १३
- ५० वॅट: १७
- १०० वॅट: २०

आता दुकानातला नेहमीचा संवाद आठवा. ८० वॅटचं मॉडेल एवढ्याला, १०० वॅटचं चार हजार जास्त. फरक किती? १ डेसिबल. शेजारी-शेजारी ठेवून, कान टवकारून ऐकलं तर जाणवेल, इतपत. ५० वॅटचा अ‍ॅम्प काढून १०० वॅटचा आणला तर ३ डेसिबल. ते जाणवतात, पण बायको येऊन 'काय बदललं?' असं विचारेल, एवढे काही नाहीत. ताकदीचा खरा फरक हवा असेल तर उडी दहापटीची लागते.

पायरी १: स्पीकरची सेन्सिटिव्हिटी शोधा

स्पीकरच्या माहितीपत्रकात '८६ डेसिबल' असा आकडा असतो. १ वॅट दिला तर १ मीटर अंतरावर किती आवाज येतो, ते तो सांगतो. शेल्फवर ठेवायचे लहान स्पीकर बहुधा ८४ ते ८८ मध्ये असतात, जमिनीवर उभे राहणारे ८८ ते ९२, आणि भोंग्याचे म्हणजे हॉर्नचे ९५ च्याही वर जातात.

८३ आणि ९२ या आकड्यांत डोळ्यांना फारसं अंतर दिसत नाही. पण ९ डेसिबल म्हणजे आठपट वॅट. एकाला ८ वॅटमध्ये जे जमतं त्यासाठी दुसऱ्याला ६३ मोजावे लागतात. ताकद विकत घ्यायची असेल तर ती अ‍ॅम्पपेक्षा स्पीकर निवडताना स्वस्त पडते, असं माझं मत आहे.

यात एक खोच आहे. बरेच कारखाने '२.८३ व्होल्टला' असा आकडा देतात. ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती विरोध करतो त्याचं माप. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. पण ४ ओहमच्या स्पीकरला तेच २ वॅट होतात. तेव्हा ४ ओहमच्या स्पीकरवर '८८ डेसिबल, २.८३ व्होल्ट' असं लिहिलं असेल तर ३ वजा करा, ८५ धरा.

पायरी २: कागदावर हिशेब

आपल्याकडच्या फ्लॅटचा नेहमीचा हॉल घेऊ. सोफा स्पीकरपासून अडीच मीटरवर. स्पीकर ८६ डेसिबलचे, ८ ओहमचे.

अंतर वाढलं की आवाज घटतो. मोकळ्या मैदानात अडीच मीटरवर ८ डेसिबल कमी होतात. खोलीत भिंती आवाज परत टाकतात, त्यामुळे घट कमी असते. पण आपण ८ च धरू, म्हणजे हिशेब सुरक्षित बाजूला राहील. दोन स्पीकर आहेत, त्याचे ३ मिळवायचे. ८६ वजा ८ अधिक ३, झाले ८१. म्हणजे प्रत्येक स्पीकरला १ वॅट दिला की सोफ्यावर ८१ डेसिबल.

आता तुम्ही किती आवाजात ऐकता? समोरासमोर बसून गप्पा मारल्या की साधारण ६० डेसिबल होतात. सरासरी ७८ म्हणजे घरातल्या फोनवर बोलणाऱ्याने उठून दुसऱ्या खोलीत जावं, एवढा मोठा आवाज. ७८ हे ८१ पेक्षा ३ ने कमी. म्हणजे लागणारी सरासरी ताकद अर्धा वॅट.

हो, अर्धा. रात्री जेवणानंतर ६५ डेसिबलवर एखादी ठुमरी लावली तर वॅटचा चाळिसावा भाग.

मग बाकीचे वॅट कशाला?

पायरी ३: हातचं किती राखायचं

कारण संगीत सरासरीवर चालत नाही. तानपुरा एकसारखा वाजत असतो, गायक आलापी करतोय, आणि एकदम समेवर बायाँचा घुमारा येतो. त्या क्षणाला सरासरीपेक्षा १५ ते २० डेसिबल जास्त लागतात, म्हणजे तीसपट ते शंभरपट ताकद. तीही क्षणभरच. ढोलकीची थाप, संबळ, पखवाजाचा 'धा', सगळ्यांचं तेच. इंग्रजीत हेडरूम म्हणतात. आपल्या भाषेत हातचं राखून ठेवणं.

वरच्या हिशेबात १८ डेसिबलचा हातचा धरला तर ७८ वरून ९६. ९६ वजा ८१, म्हणजे १५ डेसिबल, म्हणजे साधारण ३२ वॅट. अर्धा वॅट सरासरी आणि ३२ वॅट शिखराला. हातचा कमी पडला की पहिली जाते ती थापेची धार. आवाज लगेच फाटल्यासारखा वाटत नाही. नुसता दबलेला, सपाट वाटतो, तबला खोक्यावर वाजवल्यासारखा. पुष्कळ लोक याला 'अ‍ॅम्पमध्ये जान नाही' म्हणतात आणि केबल बदलत बसतात.

किती हातचा लागेल हे ऐकता काय त्यावर आहे. हल्लीची सिनेमाची आणि डीजेची गाणी मुळातच दाबून, सरसकट मोठी केलेली असतात. त्यांत सरासरी आणि शिखर यांत ८ ते १० डेसिबलच असतात, म्हणून हातचा कमी पुरतो, पण सरासरी ताकद बराच वेळ जास्त लागते आणि अ‍ॅम्प तापतो. शास्त्रीय मैफलीच्या चांगल्या ध्वनिमुद्रणाला उलट. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून काढलेलं नाट्यसंगीत ऐकणाऱ्यांना दोन्ही कमीच लागतात. माझ्या काकांचं आयुष्य ५ वॅटमध्ये आनंदात गेलं.

पायरी ४: खरी मोजणी

कागदाचा हिशेब अंदाज देतो. मोजणी उत्तर देते. साउंडबार किंवा आत अ‍ॅम्प असलेले स्पीकर असतील तर हा प्रयोग करता येत नाही. वेगळा अ‍ॅम्प आणि तारेने जोडलेले स्पीकर हवेत. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प असेल तर अजिबात करू नका, कारण स्पीकर काढून तो चालवला तर आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर बिघडू शकतो.

आधी संगणकावर ऑडॅसिटी या फुकट प्रोग्रॅममध्ये टोन तयार करा. साइन, ३०० हर्ट्झ, अ‍ॅम्प्लिट्यूड ०.२५, लांबी एक मिनिट. असाच दुसरा ६० हर्ट्झचा. ०.२५ म्हणजे डिजिटल फाइलमध्ये मावणाऱ्या सर्वांत मोठ्या लहरीचा बरोबर चौथा हिस्सा, किंवा १२ डेसिबल कमी. साधे मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या पुढे एसी व्होल्ट नीट दाखवत नाहीत, म्हणून टोन त्याच्या खालचे घेतले.

मग नेहमी ज्यावरून गाणी लावता त्यावरूनच, फोन असो की टीव्ही, ओळखीचं गाणं लावा. गाण्यांचा आवाज सारखा ठेवणारी अ‍ॅपमधली सोय बंद करा, नाहीतर पुढचा हिशेब चुकतो. व्हॉल्यूम वाढवत न्या. 'यापेक्षा मोठं मी कधीच ऐकणार नाही' इथे थांबा. घरी कोणी नसताना करा, नाहीतर कधीच खरा आकडा मिळणार नाही.

आता खुंटीला हात न लावता अ‍ॅम्प बंद करा. दोन्ही स्पीकरच्या तारा अ‍ॅम्पकडून सोडा. तारांची टोकं एकमेकांना किंवा डब्याला लागणार नाहीत हे बघा. अ‍ॅम्प चालू करा, व्हॉल्यूम होता तिथेच आहे ना ते तपासा (रिमोटवाले काही अ‍ॅम्प बंद-चालू केले की व्हॉल्यूम स्वतःच खाली आणतात), आणि ३०० हर्ट्झचा टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, २० च्या रेंजवर ठेवून एका चॅनलच्या लाल-काळ्या टर्मिनलवर लावा. ज्या स्वस्त मीटरवर एसीची सुरुवातच २०० व्होल्टपासून होते तो इथे फार ढोबळ पडतो.

आलेल्या आकड्याला ४ ने गुणा. त्याचा वर्ग करा. स्पीकरच्या ओहमने भागा. हे तुमचे वॅट.

माझ्याकडे ३.१ व्होल्ट आले. चारपट १२.४, वर्ग १५४, भागिले ८, म्हणजे १९ वॅट. त्या वेळी माझ्याकडे ९० वॅटचा अ‍ॅम्प होता आणि मी १३० वॅटचा बघत होतो. मीटर बंद केला आणि कॅटलॉगही.

आता ६० हर्ट्झचा टोन लावून तोच आकडा घ्या. बेस-ट्रेबल सरळ असतील तर दोन्ही जवळपास सारखे येतील. बेसची खुंटी चढवलेली असेल तर ६० चा आकडा वाढलेला दिसेल, आणि मोजायचा तोच. याबद्दल पुढे बोलतो.

आलेल्या वॅटवर थोडं वर, म्हणजे दीडपट-दुप्पट धरलं की झालं. त्याच्यावर कितीही वाढवलं तरी तुमच्या सोफ्यावर वेगळं काही ऐकू येणार नाही.

पायरी ५: डब्यावर लिहिलेल्या वॅटची झडती

नव्वदच्या दशकातले डेक आठवतात का? हातात मावणाऱ्या संगणकाच्या स्पीकरवरही '१२०० वॅट पीएमपीओ' (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) अशी चंदेरी चिकटपट्टी असे. घरातली इस्त्री ७५० ते १००० वॅटची. म्हणजे इस्त्रीपेक्षा जास्त ताकद, आणि तीही बोटभर जाडीच्या अडॅप्टरमधून. पीएमपीओची कुठलीही मान्य व्याख्या नाही, त्यामुळे त्या आकड्याशी भांडताही येत नाही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ सालीच घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातीत वॅट कसे सांगायचे याचा नियम केला होता, म्हणजे ही खोड केवळ आपल्याकडची नाही.

हल्ली पीएमपीओ मागे पडला, पण वॅट फुगवण्याचे सभ्य मार्ग आले आहेत. होम थिएटरच्या रिसीव्हरवर '१५० वॅट' असतं आणि खाली बारीक अक्षरांत '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के टीएचडी, एक चॅनल'. टीएचडी म्हणजे आवाजातली विकृती. याचं भाषांतर असं: सोपा सूर, सोपा भार, बाकीचे चॅनल झोपलेले, आणि आवाज चांगला फाटेपर्यंत ताणलेला. १० टक्के विकृतीवर मोजलं की स्वच्छ ताकदीपेक्षा आकडा पाव हिश्शाने तरी मोठा दिसतो. तुम्ही शोधायची ओळ ही: '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनल चालू, टीएचडी ०.१ टक्का किंवा कमी'. अशा ओळीतले ६० वॅट त्या दीडशेच्या तोंडाला तोंड देतात.

ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या क्लास-डी (हलक्या, कमी तापणाऱ्या पद्धतीच्या) अ‍ॅम्पची झडती त्याहून सोपी, अडॅप्टर बघायचा. २४ व्होल्ट, ४ अँपिअर असेल तर गुणाकार ९६ वॅट. यातून '२ × १०० वॅट' सतत निघणं शक्यच नाही. शिवाय २४ व्होल्टवर लहरीचा माथा २२ व्होल्टच्या आसपास कापला जातो. त्यातून ८ ओहमला ३० वॅट आणि ४ ओहमला ६० वॅट. सोबत १२ व्होल्टचा अडॅप्टर आला असेल तर ८ ओहमला ७-८ वॅटच. टीपीए३११६ चिपच्या अ‍ॅम्पवर लोक नाखूश असतात त्यातल्या निम्म्यांचं दुखणं अडॅप्टरचं असतं, चिपचं नाही. १२ चा काढून २१-२४ व्होल्टचा चांगला अडॅप्टर लावला की तोच डबा वेगळा वाजतो. फक्त त्या बोर्डाला किती व्होल्ट चालतात ते आधी वाचा.

क्लास-एबीचे जुन्या पद्धतीचे अ‍ॅम्प उचलून बघावेत. आत मोठा ट्रान्सफॉर्मर असला की हाताला कळतं. २ × १०० वॅट म्हणवणारा एबी अ‍ॅम्प एका हाताने लीलया उचलता आला तर शंका घ्यावी. क्लास-डीला हा नियम लागू नाही, तिथे सप्लायही हलका असतो.

ओहमचं गणित थोडक्यात

८ ओहम हा आकडा नाममात्र. सूर बदलला की स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे ओहममधला हा विरोध, वर-खाली होतो. ८ चा म्हणून विकलेला एखाद्या सुरावर ५ पर्यंतही उतरतो. ४ ओहमला त्याच व्होल्टेजवर दुप्पट करंट लागतो. दणकट सप्लायचा अ‍ॅम्प ८ ला ५० आणि ४ ला ९०-१०० देतो. माहितीपत्रकात ८ ला ५० आणि ४ ला ६० असेल तर करंट तोकडा आहे, अवघड स्पीकरवर बेस पिचकेल. ४ ओहमचे दोन स्पीकर एकाच टर्मिनलवर समांतर लावू नका. गणपतीत मंडळाच्या अ‍ॅम्पवर हे हमखास होतं आणि आरतीच्या मध्येच फ्यूज जातो.

पायरी ६: वॅट खाणारी खुंटी

बेसची खुंटी पूर्ण चढवली की बहुतेक अ‍ॅम्पवर खालचे सूर १० डेसिबलच्या आसपास वाढतात. वरचा तक्ता बघा: १० डेसिबल म्हणजे दहापट वॅट. म्हणजे ज्या आवाजाला ५ वॅट पुरत होते, त्याला बेसच्या ठोक्यावर ५० लागतात. साखरपुड्यातल्या माझ्या अ‍ॅम्पने मान टाकली ती इथेच.

कमी आवाजात बेस चढवण्यात काही वावगं नाही. माणसाच्या कानाला हळू आवाजात खालचे सूर कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं, आणि अ‍ॅम्पवरचं लाउडनेसचं बटण त्याचसाठी असतं. पण पाहुणे आले, आवाज वाढवला, तर ते बटण बंद करायचं. तेव्हा गरजही नसते आणि हातचाही उरत नाही.

बेस फुकटात हवा असेल तर स्पीकर भिंतीजवळ सरकवा. मागची भिंत खालच्या सुरांना काही डेसिबल मोफत मिळवून देते, कोपरा त्याहून जास्त. कोपऱ्यात आवाज घुमायला लागतो, तेव्हा वीतभर पुढे-मागे करत बघा. दुसरा उपाय पैशांचा पण खात्रीचा: स्वतःचा अ‍ॅम्प असलेला सबवूफर आणून ८० हर्ट्झच्या खालचं काम त्याच्याकडे द्यायचं. मात्र मुख्य स्पीकरकडे जाणारा बेस खरोखर कापला जायला हवा. नुसता सबवूफर जोडून ठेवला तर मुख्य अ‍ॅम्पवरचा भार तसाच राहतो.

गावाकडे घर असेल तर

संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्पच्या आतलं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरतं, कारण बहुतेकांत ते स्थिर ठेवायची सोय नसते. २३० चे १८४ झाले तर पाचवा हिस्सा व्होल्टेज गेलं. पण ताकद व्होल्टेजच्या वर्गावर चालते, म्हणून वॅट उरतात ६४ टक्के. १०० चे ६४. तक्त्याने बघितलं तर जेमतेम २ डेसिबल, म्हणून घाबरायचं कारण नाही. मात्र दुपारी जिथपर्यंत खुंटी जात होती तिथपर्यंत रात्री न्यायची नाही. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेल्या अडॅप्टरवर चालणाऱ्या क्लास-डी अ‍ॅम्पला हा त्रास होत नाही. भिंतीवर स्टॅबिलायझर टांगण्यापेक्षा ते स्वस्त.

दोष ताकदीचा आहे की दुसऱ्या कशाचा

नवीन अ‍ॅम्प घ्यायला निघालेल्या पाच जणांपैकी तिघांना तरी मी परत पाठवतो. त्यांची तक्रार आणि वॅट यांचा संबंधच नसतो.

मध्यम आवाजातही कर्कश लागतं? खोली बघा. चकचकीत फरशी, उघड्या भिंती, काचेचं टेबल आणि पडदे नसलेली खिडकी. टाळी वाजवा; टण्ण असा शेपटीचा आवाज आला तर दोष तिथे आहे. सतरंजी, जाड पडदा, पुस्तकांचं कपाट यांनी जेवढा फरक पडतो तेवढा कुठलाही अ‍ॅम्प पाडत नाही.

फक्त मोठ्या आवाजात, आणि तेही बेसच्या ठोक्यावरच फाटतं? हे क्लिपिंगचं लक्षण. बेस सरळ करा, पुन्हा ऐका. थांबलं तर निदान पक्कं.

ठोक्यावर 'खट्' असा लाकडावर आपटल्यासारखा आवाज येतो? तो वूफर आहे, अ‍ॅम्प नाही. चार-पाच इंची वूफरची पुढे-मागे व्हायची हद्द संपली. इथे मोठा अ‍ॅम्प आणलात तर स्पीकर लवकर माराल.

सुरुवातीला दणदणीत, अर्ध्या तासाने मंद वाटतं? थोडा कानांचा थकवा, थोडी कॉइलची उष्णता. तांब्याची कॉइल २०० अंशांनी तापली तर तिचा रोध जवळपास पावणेदोन पट होतो आणि आवाज काही डेसिबलने बसतो. लहान स्पीकर रात्रभर पार्टीला जुंपले की हे होतंच.

खुंटी अर्ध्यावर गेली तरी आवाजच नाही? हा बहुधा सोर्सचा प्रश्न. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो, फोनचा हेडफोन जॅक बहुधा त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. फोनचा व्हॉल्यूम आधी जवळपास पूर्ण करा, मग अ‍ॅम्पचा ठरवा. आणि उलटंही लक्षात घ्या: खुंटी घड्याळातल्या नऊवर असताना दणदणीत वाजतंय म्हणजे अ‍ॅम्पमध्ये अजून दोन तृतीयांश ताकद शिल्लक आहे, असं मुळीच नाही. खुंटी किती वाढवायचं ते सांगते, किती उरलं ते नाही. २ व्होल्टच्या सोर्सवर कित्येक अ‍ॅम्पची पूर्ण ताकद घड्याळातल्या एक-दोनच्या सुमारालाच संपते.

गाणं बंद असतानाही ट्वीटरमधून 'श्श्श' येतं? यात जास्त वॅट घेणं उलटच पडतं. मोठ्या अ‍ॅम्पचा गेनही (येणारा सिग्नल किती पट वाढवायचा ते) बहुधा मोठा, आणि ९५ डेसिबलच्या स्पीकरवर त्याची सरसर सोफ्यापर्यंत येते. हॉर्नच्या स्पीकरवर ८ वॅटचा ३००बी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प लावणारे लोक वेडे नसतात, त्यांचा हिशेब चोख असतो. तोच अ‍ॅम्प ८४ डेसिबलच्या स्पीकरला लावणारे मात्र...

मग घ्यायचा किती वॅटचा?

मोजणी करणं शक्य नसेल तर माझे ढोबळ आकडे, प्रामाणिक ८ ओहमवर मोजलेले: टेबलावरच्या स्पीकरला, एक मीटरवर बसून, १५ ते २० वॅट. बेडरूम किंवा छोटा हॉल, ८६-८८ डेसिबलचे स्पीकर, ४० ते ६०. मोठा हॉल किंवा ८३-८४ चे हट्टी स्पीकर, १०० च्या पुढे. ९० च्या वरचे उभे स्पीकर कुठल्याही घरात ३०-४० वर मजेत वाजतात. स्पीकरच्या मागे 'शिफारस २० ते १०० वॅट' असं असेल तर वरच्या आकड्याच्या जवळ जायला भिऊ नका. खुंटी तुमच्याच हातात आहे.

मोठा आवाज किती वेळ ऐकायचा यालाही आकडा आहे. अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेची कामगारांसाठीची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. फोनवरचं मोजणी अ‍ॅप काटेकोर नसतं, तरी सोफ्यावर बसून एकदा बघून ठेवा.

तो ट्वीटर दुरुस्तीवाल्या काकांनी सव्वाशे रुपयांत बदलून दिला. पैसे घेताना त्यांनी त्याच्या एका तारेत छोटा बल्ब जोडला, गाडीच्या टपावरच्या दिव्यासारखा. "आता जास्त झालं की हा पेटेल," म्हणाले. बल्ब गरम झाला की त्याचा रोध वाढतो आणि ट्वीटरकडे जाणारा करंट आपोआप आवळला जातो. मोठमोठ्या स्पीकर कंपन्याही ही युक्ती वापरत. पुढच्या लग्नात तो सारखा पेटत होता. पोरांना वाटलं, डिस्को लाइट आहे.